प्रोनसाठी लॉट निवडताना : ०.२२ च्या चार लॉटची नोंदवही

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या फराळाचे डबे घासून झाले आणि लेकीचा नेमबाजीतला आकडा घसरल्याचं माझ्या नजरेस आलं. सप्टेंबरात ५० मीटर प्रोनला, म्हणजे पोटावर झोपून मारतात त्यात, ६० राऊंडचे (राऊंड म्हणजे एक काडतूस) ६१८.६ गुण होते. ऑक्टोबरच्या शेवटी ६०४.८. म्हणजे सरासरी १०.३१ वरून १०.०८.

लेक म्हणते, "बाबा, नवीन लॉट बेकार आहे." लॉट म्हणजे एकाच नंबरची काडतुसांची खेप. तिचे प्रशिक्षक सर म्हणतात, दिवाळीत झोपा काढल्या की असंच होतं. मी नेमबाज नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात २६ वर्षं क्वालिटीत काढली, बेअरिंगच्या रिंगा मोजल्या. त्यामुळे दोघांचंही ऐकून घेतलं आणि मोजलेलं काय आहे ते विचारलं. कुणीच काही मोजलेलं नव्हतं.

क्लबला हंगामाचा साठा घ्यायचाच आहे. सरांनी चार लॉटचे नमुने मागवलेत, प्रत्येकाचे मोजके डबे. एका डब्यात ५० राऊंड. मी त्यांना अ, ब, क, ड अशी नावं दिली. अ सगळ्यात महाग, ड म्हणजे सध्या सरावाला मिळतोय तो. गंमत अशी की अ आणि क एकाच कंपनीचे, एकाच रंगाच्या डब्यातले, किंमतही तीच. फक्त डब्याच्या कडेला छापलेला लॉट नंबर वेगळा. सरांनी ते मुद्दाम केलं असणार.

रायफल क्लबची, लेकीच्या नावावर लावून दिलेली. नेलेला प्रत्येक राऊंड रजिस्टरात, रिकामी पुंगळी परत. तो हिशेब आता माझ्याकडे आला आहे.

रविवार, १० नोव्हेंबर

टेबलावरून, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून. पिशव्या लेकीच्या जुन्या जीन्सच्या पायांच्या, शिवल्या हिने, म्हणजे बायकोने, वाळू शेजारच्या बांधकामावरून मागून आणली. बॅरल शिकंज्यात पकडून चाचणी घेणारी यंत्रं काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांकडे असतात. आपल्याकडे पिशव्या.

प्रत्येक लॉटचे ५ राऊंड, सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर बाहेरून बाहेर व्हर्नियरने मोजलं, त्यातून गोळीचा व्यास ५.६ मिलीमीटर वजा केला.

अ ११ मिमी, ब १९, क १७, ड २२.

लेक उड्या मारत होती. अ घेऊन टाका, विषय संपला. मीही जवळजवळ सह्या करून मोकळा झालो होतो.

शनिवार, १६ नोव्हेंबर

तेच सगळं, फक्त क्रम उलटा. ड आधी, अ शेवटी.

अ २१, ब १५, क १२, ड २०.

लेकीचा चेहरा पडला. सर बाजूला उभं राहून चहा पीत होते. म्हणाले, "लॉट बदलल्यावर लगेच मोजायला लागलात का?" हो. "मग कसं चालेल."

हे मला माहीत नव्हतं. ०.२२ एलआर (लाँग रायफल), म्हणजे आमचं हे काडतूस, १८८७ सालचं डिझाइन, आजही जवळजवळ तसंच. गोळी उघडी शिशाची, बाहेरून मेणाचा किंवा चरबीचा पातळ लेप दिलेली. तो लेप बॅरलच्या आत बसत जातो. लॉट बदलला की लेप बदलतो आणि नव्या लेपाचा थर नीट बसेपर्यंत पहिले दहा-पंधरा राऊंड इकडेतिकडे जातात. मी नेमके तेच मोजत होतो.

दोन दिवसांचे आकडे रद्द. खोडले नाहीत, वर फक्त 'अवैध' लिहिलं. कारखान्यातली सवय.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान, सुट्टी. बोटाला शाई लावून आलो आणि दुपारी कागद घेऊन बसलो.

पाच राऊंडचा ग्रुप, म्हणजे कागदावर पाच भोकांचा जो पुंजका पडतो तो, हा प्रकारच फसवा आहे. रायफल, राऊंड, माणूस यातलं काहीही बदललं नाही तरी पाच-पाचचे ग्रुप सहज पाव हिश्शाने लहानमोठे होतात, कधी दुप्पटही. ग्रुपचा आकार ठरतो फक्त दोन टोकाच्या भोकांवर, बाकीची तीन भोकं कुठे आहेत याची त्याला पर्वा नाही. वरून त्याच लॉटचा दहाचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा सरासरीने चोवीस टक्क्यांनी मोठाच निघतो, कारण जास्त राऊंड म्हणजे टोकाला जायला जास्त संधी. खिशात सगळ्यात छान पाचचा ग्रुप ठेवून फिरणारे लोक मी गेल्या पंधरवड्यात चार पाहिले. एकाने तर लॅमिनेट करून घेतलाय. आमच्याकडे कुणी पाच रिंगा मोजून अख्खी बॅच पास केली असती तर त्याला गेटबाहेर काढला असता.

नवीन पद्धत : प्रत्येक लॉटचा एक पूर्ण डबा. पहिले १० बॅरलला सवय व्हावी म्हणून, मोजायचे नाहीत. पुढचे ४० म्हणजे दहाचे चार ग्रुप. राऊंड साध्या प्लास्टिकच्या डबीत काढून द्यायचे, कुठला लॉट ते फक्त मला माहीत.

शनिवार, २३ नोव्हेंबर

निकालाचा दिवस. साडेदहापासून बाहेर फटाके, गुलाल, डीजे. पहिलाच ग्रुप सुरू होता आणि मागच्या गल्लीत हजाराची माळ लागली. लेकीने रायफल खाली ठेवली आणि हात जोडले. चाचणी बंद.

रिकामा वेळ होता म्हणून सरांना विचारून दस्त्याचे बोल्ट तपासले. दस्त्यात बॅरल-ॲक्शन, म्हणजे नळी आणि राऊंड झाडणारी यंत्रणा, दोन बोल्टांनी धरलेली असते. पुढचा टॉर्क रेंचवर ५ न्यूटन-मीटरला ठीक लागला. मागचा बोटांनी फिरला. अक्षरशः बोटांनी. लेक म्हणाली, दिवाळीआधी खांद्याला टेकणारी बट-प्लेट बदलताना कुणीतरी उघडला होता. तो कुणीतरी कोण हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

बोल्ट आवळला. म्हणजे याआधी मोजलेलं जे काही उरलंसुरलं होतं तेही अवैध. मला याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. दोष सापडला की क्वालिटीवाल्याची भूक वाढते.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सकाळी सात, थंडी मस्त, वारा नाही. रेंजवर लावलेली सुताची फीत सरळ खाली लोंबत होती. वाऱ्याचा विचार करणं गरजेचं आहे : ०.२२ च्या टार्गेट राऊंडला ५० मीटरवर आडवा एक मीटर प्रति सेकंद वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल इतका, साधारण ५-६ मिमी ढकलतो. टार्गेटवर प्रत्येक रिंग ८ मिमीची. दशांश गुण ०.८ मिमीला ०.१. वाऱ्याची एक झुळूक म्हणजे अर्धा गुण गेलाच.

डबी १ आणि डबी २ झाल्या. फीत हलायला लागली तसे थांबलो.

शनिवार, ७ डिसेंबर

डबी ३ आणि ४. घरी येऊन चिठ्ठी उघडली. दहाच्या ग्रुपचे आकडे, मिमीमध्ये :

अ : १७.८, १५.९, १९.४, १६.६. सरासरी १७.४.
ब : १६.२, १८.५, १५.१, १७.९. सरासरी १६.९.
क : २१.३, १९.०, २४.२, २०.६. सरासरी २१.३.
ड : २७.५, २२.४, ३१.०, २५.८. सरासरी २६.७.

अ आणि ब मध्ये अर्ध्या मिमीचा फरक आहे, तो फरक नाहीच. उद्या पुन्हा घेतलं तर अ पुढे असेल. पण ड वाईट आहे हे आता मी छातीवर हात ठेवून सांगतो. ड चा सगळ्यात चांगला ग्रुप अ आणि ब च्या सगळ्यात वाईट ग्रुपपेक्षा मोठा आहे.

खरी गोष्ट अ आणि क ची. डबा तोच, किंमत तीच आणि आमच्या बॅरलमधून चार मिमीचा फरक. हाच क दुसऱ्या कुणाच्या रायफलमध्ये अ ला मागे टाकेल, सरांनी तसं पाहिलंय म्हणतात. बॅरलचं चेंबर (राऊंड बसतो ती जागा), आतला घाट, नळीच्या तोंडाशी किंचित अरुंद केलेला भाग हे प्रत्येकीचं थोडं वेगळं, आणि लॉटगणिक शिसं, मेण, दारू थोडी वेगळी. कुणाचं कुणाशी जमेल ते पत्रिका बघून कळत नाही.

ऑगस्टपासून क्लबातलं प्रत्येक पोरगं एकच विचारतं : स्वप्नील कुसाळे कुठले राऊंड वापरतो? कांबळवाडीच्या पोराने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ करून कांस्य आणलं, तेव्हापासून. सरांचं उत्तर ठरलेलं असतं : "त्याच्या बॅरलला जे आवडतात ते."

दहाची रिंग १०.४ मिमी व्यासाची. गोळीची कड रेषेला लागली तरी दहा, म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत हवा. थोडक्यात १६ मिमीचा ग्रुप मधोमध बसला तर सगळे दहा. ब त्या काठावर आहे. ड ने बिचारीने कितीही नीट मारलं तरी टेबलावरूनसुद्धा नऊ पडणार.

रविवार, १५ डिसेंबर

सरांच्या ओळखीत एकाकडे क्रोनोग्राफ आहे, बॅरलच्या तोंडापुढे ठेवला की गोळीचा वेग दाखवणारा. तासाभरासाठी मिळाला, म्हणून फक्त ब आणि ड, दहा-दहा.

ब : ३२४ ते ३३१ मीटर प्रति सेकंद. ड : ३१९ ते ३३७.

हिशेब साधा आहे. ५० मीटर जायला गोळीला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती सव्वाशे मिमीच्या आसपास खाली येते. जी हळू निघाली ती जास्त वेळ हवेत, म्हणून जास्त खाली. ड च्या १८ मीटरच्या फरकाने नुसत्या उभ्या दिशेत १३-१४ मिमी निघतात. ब चे पाचेक. ड चा कागद पुन्हा काढून पाहिला. ग्रुप खरंच उभा लांबुडका होता, मेथीच्या दाण्यासारखा. इतके दिवस मला तो दिसत होता आणि मी फक्त मोजत होतो.

वेग सगळ्यांचाच आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला आहे, आणि तो मुद्दाम. आज सकाळी बारा अंश होते, त्या हवेत आवाजाचा वेग ३३९ च्या आसपास. गोळी त्याच्या वर निघाली आणि वाटेत खाली आली तर त्या उंबरठ्यावर अडखळते. सशा-खारींच्या शिकारीसाठी परदेशात ०.२२ चे हाय व्हेलॉसिटी राऊंड मिळतात, टोकाला खड्डा असलेले, ३८० च्या आसपास वेगाचे. ते उंबरठा ओलांडून निघतात आणि वाटेत कुठेतरी परत ओलांडतात. शिवाय ते वेगवान असूनही वाऱ्यात जास्त वाहतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सरांशी वाद घातला होता. पण वारा गोळीला ढकलतो ते ती हवेत किती वेळ आहे त्यावर नाही, हवेने तिला किती उशीर केला त्यावर, आणि आवाजाच्या वेगाजवळ हवा सगळ्यात जास्त अडवते.

बुधवार, २५ डिसेंबर

नाताळची सुट्टी, पाटणकडे मामाच्या गावी. मामाकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर ०.३१५ ची रायफल आहे, ईशापूरच्या कारखान्याची. ०.३०३ लष्करी बोअर म्हणून सामान्य माणसाला बंद, म्हणून गावोगावी हीच दिसते. काडतुसाच्या बुडावर केएफ उमटवलेलं : किर्की फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी. साताऱ्यातल्या कपाटात खडकी भेटली.

लेकीने फोनवरचा ०.२२ राऊंडचा फोटो दाखवला. मामा चष्मा वर करून बघत बसले. "ही? ह्यानं डुक्कर उठून माझ्याच मागं लागंल."

खरंच आहे. ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी, ३२५ च्या वेगाने. ऊर्जा जेमतेम १३७ ज्यूल. ३०० मीटरच्या टार्गेटला वापरतात त्या ०.३०८ ची १६८ ग्रेनची गोळी साडेतीन हजार ज्यूलच्या आसपास जाते. पण मला मामांच्या काडतुसात रस होता तो टोकात. तांब्याचं आवरण पुढे थांबतं आणि शिसं उघडं डोकावतं, मऊ, नखाने ओरखडा उठेल असं. जनावराच्या अंगात शिरल्यावर ते फुलावं, जागीच संपावं म्हणून. शिकारीच्या गोळीचं सगळं डोकं शेवटच्या त्या वीतभर प्रवासात आहे. टार्गेटची गोळी उलट : कागदाला भोक पाडल्यावर तिचं काय होतं याची कुणाला फिकीर नाही, तिचं सगळं काम हवेत. ०.३०८ च्या टार्गेट गोळीच्या टोकालाही बारीक भोक असतं आणि ते बघून लोक म्हणतात ही फुलणारी. तसं नाही. आवरण मागून पुढे ओढून चढवलं की पुढे राहिलेलं ते तोंड आहे. तसं केलं की गोळीचा मागचा भाग एकसारखा येतो, आणि नेम मागच्या भागावर जास्त अवलंबून. त्या गोळ्यांनी हरीण मारू नका असं शिकारीची परवानगी असलेल्या देशांतले जाणकार सांगतात. कधी फुटते, कधी आरपार जाऊन जनावर जखमी पळतं.

मामांनी ती रायफल शेवटची कधी उडवली ते विचारलं. निवडणुकीत जमा करायला नेली, तेव्हा तेल लावलं म्हणाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकराला हात लावता येत नाही. भुईमुगाची एक पट्टी उकरलेली दाखवली. रात्री ते डबा वाजवतात.

शनिवार, २८ डिसेंबर

आता टेबल नाही. लेक प्रोनमध्ये, जॅकेट, स्लिंग (रायफल दंडाला बांधायचा पट्टा), सगळं. चार डब्या, प्रत्येकी दहा सवयीचे आणि वीस गुणांचे. नाव पुन्हा फक्त मला माहीत.

तिसऱ्या डबीला तिने राऊंड भरायची दांडी (तिलाही बोल्टच म्हणतात) मागे ओढली, राऊंड नाकाशी धरला आणि म्हणाली, "बाबा, हा ड आहे." कसं कळलं? "मेणाचा वास. सरावाचे असेच वास मारतात. आणि आत ढकलताना किंचित अडतो." माझी गुप्त चाचणी संपली. कारखान्यात आम्ही इन्स्पेक्टरला पार्टचा रंग दिसू नये म्हणून पिवळा दिवा लावायचो. वासाचं काय करायचं?

सरासरी : अ १०.३६, ब १०.३४, क १०.२७, ड १०.१४.

ड चा आकडा तिला माहीत असताना आला, म्हणून तो थोडा अंगात शिरलेला असू शकतो. पण टेबलावरचं आणि हे एकाच दिशेला बोट दाखवतंय. ऑक्टोबरातले १०.०८ आणि आजचे १०.१४ यांच्यातली तफावत त्या सैल बोल्टाची की दिवाळीतल्या झोपेची, ते या वहीतून निघणार नाही. सरांना सांगितलं तर म्हणाले, "झोपेची."

रविवार, ५ जानेवारी २०२५

सरांकडे बसून ठरवलं. ब घ्यायचा. अ आणि ब मध्ये फरक मोजता आला नाही आणि ब च्या एका राऊंडला अ च्या जवळपास निम्मे पैसे पडतात. ड सरावाला, त्यातही उभं आणि गुडघ्यावरचं. तिथे तिचा स्वतःचा हलण्याचा फरक लॉटच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. क बाकीच्या दोन पोरांच्या रायफलींमध्ये करून बघायचा, कुणाच्या तरी नशिबात असेल.

मधल्या काळात मी प्रत्येक राऊंडची रिम, म्हणजे बुडाची कड, मायक्रोमीटरने मोजून वेगळी काढायचा उद्योग केला होता, १०० राऊंड. काही उपयोग नाही. कंपनी माझ्यापेक्षा बरं मोजते.

रविवार, १२ जानेवारी

विक्रेत्याचा फोन. त्या लॉट नंबरचे फक्त तीन ब्रिक उरलेत, म्हणजे १५०० राऊंड. पुढचा माल येईल तो "सेम टू सेम साहेब, फक्त नंबर वेगळा." तीनही ब्रिक बाजूला ठेवायला सांगितले. स्पर्धा आणि त्याआधीचा आठवडा एवढंच त्यात भागेल. नव्या नंबरचा एक डबा आधी पाठवा म्हटलं, चाळीस राऊंडसाठी. तो हसला, पण हो म्हणाला.

आज सराव झाल्यावर पुंगळ्या मोजल्या. एकोणपन्नास. पुन्हा मोजल्या. एकोणपन्नास. रजिस्टरात पन्नास दिलेत. चटई झटकली, टेबलाखाली बॅटरी मारली, सर दारात चावी घेऊन उभे. लेक जॅकेट काढायला लागली आणि उजव्या बाहीच्या घडीतून टणकन खाली पडली. पन्नास. सही केली.